सातचा भोंगा आणि कोरा नकाशा

गिरणीचा भोंगा ऐकून घड्याळ लावणारी माणसं मी लहानपणी मुंबईत पाहिली आहेत. आमच्या चाळीत घड्याळं दोनच, आणि तीही एकमेकांशी कधी जुळायची नाहीत. भोंगा झाला की मात्र सगळ्यांचं एकमत व्हायचं. पुढे गिरण्या गेल्या, भोंगेही गेले. आज मला ज्या भोंग्याविषयी बोलायचं आहे तो मुंबईपासून फार लांब वाजला होता. दक्षिण अटलांटिक महासागरातलं साउथ जॉर्जिया नावाचं एक बर्फाळ, डोंगराळ बेट. तारीख २० मे १९१६, वेळ सकाळी सातची.

तो भोंगा ऐकायला तीन माणसं डोंगरावर कान लावून थांबली होती. अर्नेस्ट शॅकल्टन, फ्रँक वॉर्स्ली आणि टॉम क्रीन. त्यांचं ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज १९१५ साली वेडेल समुद्राच्या बर्फात चिरडून बुडालं. अठ्ठावीस जणांपैकी बावीस जण एलिफंट बेटावर, पालथ्या घातलेल्या दोन होड्यांखाली दिवस काढत होते. उरलेले सहा जण २४ एप्रिलला सात मीटर लांबीच्या एका होडीतून मदत आणायला निघाले. सुमारे पंधराशे किलोमीटरचा खवळलेला समुद्र ओलांडून १० मे रोजी ते साउथ जॉर्जियाला लागले.

पण लागले ते भलत्याच बाजूला. देवमाशांच्या चरबीचे कारखाने, म्हणजेच माणसांची वस्ती, ती सगळी बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर. यांची होडी दक्षिण किनाऱ्यावरच्या किंग हाकोन उपसागरात. वळसा घालून जावं तर होडीत दम उरला नव्हता, आणि सहापैकी दोघांच्या अंगात त्राण नव्हतं. तेव्हा बेट मधूनच ओलांडायचं ठरलं.

आता कुणी विचारील, त्यांच्याजवळ नकाशा नव्हता का? होता. त्या नकाशात किनाऱ्याची रेघ होती, उपसागर होते, भूशिरं होती. रेघेच्या आत मात्र काही नव्हतं. पांढरा कागद. तिथून आडवं कुणी गेलेलंच नव्हतं, मग काढणार कोण? १९ मेच्या पहाटे तीन वाजता, चांदण्यात, तिघं त्या पांढऱ्या कागदावर चालू लागले. सामान काय, तर सुताराचा वाकस, पंधरा मीटर दोरी, आणि बर्फावर पाय ठरावेत म्हणून बुटांच्या तळव्यात ठोकलेले स्क्रू. झोपायच्या पिशव्याही त्यांनी सोबत घेतल्या नाहीत. वजन नको म्हणून.

एका डोंगररांगेपाशी आले. खिंडीपर्यंत चढून पलीकडे पाहिलं, तर सरळ कडा. मागे फिरले, दुसरी खिंड गाठली. तिथेही तेच. अशा एकामागून एक खिंडी पाहण्यात दिवस संपत आला. मागून धुकं चढत होतं आणि रात्र उंचावर काढली असती तर तिघंही गारठून गेले असते. मग त्यांनी दोरीचं वेटोळं केलं, त्यावर एकामागे एक बसले आणि खाली काय आहे हे न दिसता उतारावरून घसरत सुटले. वाचले. पुढे एक उपसागर दिसला. हाच आपला स्ट्रॉमनेस, असं वाटून ते उतरू लागले, तर तो दुसराच निघाला. पुन्हा वर चढावं लागलं. पहाटे साडेसहाला शॅकल्टनला वाटलं, भोंग्यासारखं काही ऐकू आलं. कारखान्यात कामगारांना उठवायचा भोंगा याच सुमारास होतो आणि कामावर बोलवायचा सातला, हे त्यांना ठाऊक होतं. घड्याळ हातात धरून तिघं थांबले. बरोबर सातला तो पुन्हा वाजला. दिशा चुकलेली नाही हे त्यांना नकाशानं सांगितलं नाही, कानांनी सांगितलं. त्या दुपारी, छत्तीस तासांच्या चालीनंतर, ते स्ट्रॉमनेसला पोचले. एलिफंट बेटावरचे बावीसही जण ३० ऑगस्टला जिवंत सुटले.

ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. मला मात्र तो पांढरा कागद सोडवत नाही. ज्या बेटाचा किनारा त्याच्या एकशेचाळीस वर्षं आधी नकाशावर आला होता, त्याचं पोट १९१६ सालीही कोरं कसं राहिलं?

आधी बेटाचा अंदाज घेऊ. लांबी सुमारे १७० किलोमीटर, म्हणजे रस्त्यानं मुंबई ते नाशिक म्हणा. रुंदी कुठे दोन, कुठे चाळीस किलोमीटर. एवढ्याशा पट्टीवर डोंगर किती उंच? आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तिथलं माउंट पॅजेट २,९३४ मीटर, आणि तेही समुद्रातून जवळजवळ थेट उठलेलं. निम्म्याहून अधिक भूमी कायम बर्फाखाली. डोंगरातून उतरणाऱ्या हिमनद्या सरळ समुद्रात तुटून पडतात. झाड एकही नाही. मूळचे रहिवासी म्हणावेत असे फक्त पेंग्विन, सील आणि समुद्रपक्षी.

१७७५ च्या जानेवारीत कॅप्टन जेम्स कुक ‘रेझोल्यूशन’ जहाजातून इथे आला. १७ जानेवारीला तो किनाऱ्यावर उतरला, राजा तिसऱ्या जॉर्जच्या नावानं बेटाचा ताबा घेतला आणि बंदुकांच्या फैरी झाडल्या. ऐकायला पेंग्विन होते. मग तो ईशान्य किनाऱ्यानं खाली जात राहिला आणि जाता जाता नकाशा काढत गेला. ही पद्धत अशी. जहाज चालू ठेवायचं, होकायंत्रानं एखाद्या टोकाची दिशा धरायची, ठरावीक अंतर कापलं की त्याच टोकाची दिशा पुन्हा धरायची. दोन रेघा जिथे छेदतील तिथे ते टोक. जहाजाचा वेग दोरीनं मोजलेला, तोही प्रवाहानं चुकवलेला. धुकं आलं की सगळंच अंदाजपंचे. शिवाय समोरची पांढरी भिंत जमीन आहे की नुसता बर्फ, हे समुद्रातून कळणार कसं? तरीही कुकची रेघ पुढच्यांना पुष्कळ काळ पुरली, यावरून त्या माणसाच्या डोळ्याची पारख कळते.

कुकला आशा होती की हा दक्षिणेच्या महाखंडाचाच किनारा असावा. बेटाच्या टोकाशी येऊन पाहतो तर किनारा पलीकडे उलटा, वायव्येकडे वळलेला. म्हणजे खंड नव्हे, बेटच. त्या टोकाला त्यानं ‘केप डिसअपॉइंटमेंट’, निराशेचं भूशिर, असं नाव दिलं. नकाशावरची नावं बहुतेक राजांची, सरदारांची आणि पैसे देणाऱ्यांची असतात. एखाद्या माणसानं आपल्या मनाची अवस्था जशीच्या तशी लिहून ठेवावी, हे मला फार आवडतं.

दक्षिण किनारा कुकनं सोडला होता. तो १८१९ च्या डिसेंबरात रशियाच्या बेलिंग्सहाउझेननं ‘वोस्तोक’ आणि ‘मिर्नी’ या दोन जहाजांतून पुरा केला. दोन देशांच्या दोन अर्ध्या रेघा जुळल्या आणि बेटाला आकार आला.

माझे मामू जहाजावर खलाशी होते. कोकणातल्या आमच्या गावची अनेक घरं त्याच नोकरीवर चालत. ते म्हणायचे, “किनारा दिसला म्हणजे गाव आलं असं समजू नकोस. किनारा जहाजवाल्याचा, गाव चालणाऱ्याचं.” साउथ जॉर्जियाच्या बाबतीत चालणारा माणूसच नव्हता. कुकनं सीलचे कळप पाहिल्याचं लिहिलं, त्याबरोबर १७८६ पासून शिकारी जहाजं लोटली. वेडेल या दर्यावर्द्यानं १८२५ साली छापलेल्या पुस्तकात इथून निदान बारा लाख कातडी गेल्याचा अंदाज दिला आहे. म्हणजे बेटाच्या खाचाखोचांत माणसांची ये-जा भरपूर होती. पण शिकाऱ्याला चांगली जागा सापडली तर तो ती नकाशावर मांडील कशाला? दुसरा येऊन कळप मारून नेईल. ही माणसं किनारा पाठ करून होती आणि मुद्दाम गप्प होती. लोभापायी दडवलेलं ज्ञान त्यांच्याबरोबरच संपलं, आणि कळपही संपत आले.

पुढे तुकड्यातुकड्यांनी काम झालं. १८८२-८३ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉयल उपसागरात वर्षभर राहिले, त्यांनी आसपासचा भाग मोजला. १९०२ मध्ये स्वीडिश मोहिमेनं कंबरलँड उपसागराचा नकाशा काढला. तिथे जुन्या शिकाऱ्यांच्या चरबी वितळवायच्या कढया पडलेल्या मिळाल्या, म्हणून त्या जागेला नाव पडलं ग्रिटविकेन, कढयांचा उपसागर. दोनच वर्षांनी, १९०४ मध्ये, नॉर्वेच्या कार्ल लार्सननं तिथेच देवमाशांचा कारखाना उभारला. १९१२-१३ साली मर्फी हा तरुण अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ एका शिडाच्या शिकारी जहाजातून आला आणि पक्षी गोळा करता करता ‘बे ऑफ आइल्स’चा नकाशा काढून गेला. यातलं एकही काम बेटाच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोचलं नाही. १९२६ ते १९३० च्या दरम्यान इंग्रजांच्या ‘डिस्कव्हरी’ सर्वेक्षणानं बंदरं नीट मोजली, तीही जहाजांना आत येता यावं म्हणून. आत खरोखर चालून गेला तो जर्मन डॉक्टर लुडविग कोल-लार्सन, १९२८-२९ मध्ये. बरोबर त्याची पत्नी मार्गिट होती, कारखाना उभारणाऱ्या लार्सनचीच मुलगी. त्यांनी बराच बर्फ तुडवला. तरीही कागद पुष्कळसा पांढराच राहिला.

आणि आता येतो तो माणूस, ज्याच्यामुळे मी हा विषय बोलायला घेतला. त्याचं नाव डंकन कार्स, आणि तो रेडिओवरचा माणूस होता.

१९१३ चा जन्म. ऐन विशीत जहाजावर नोकरी केली, १९३४ ते ३७ च्या ग्रॅहॅम लँड मोहिमेत सर्वांत लहान सदस्य म्हणून अंटार्क्टिका पाहिलं. मग बीबीसीवर निवेदक झाला. १९४९ च्या सुमारास ‘डिक बार्टन’ या मालिकेतल्या गुप्तहेराचा आवाज त्याच्याकडे आला. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटांची ती मालिका इंग्लंडात लाखो लोक ऐकत. पोरं खेळ टाकून घरी धावत. असा आवाज कमावलेला माणूस काय करतो? पुढचा करार करतो. यानं मायक्रोफोन सोडला आणि साउथ जॉर्जियाचं पोट मोजायला निघाला. मीही अधूनमधून रेडिओवर कविता वाचतो. लाल दिवा लागला की मलाच माझा आवाज बरा वाटू लागतो. म्हणून कार्सचा हा निर्णय मला सोपा वाटत नाही.

१९५१-५२, १९५३-५४, १९५५-५६ आणि १९५६-५७, अशा चार उन्हाळ्यांत त्यानं चार मोहिमा नेल्या. तिथला उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा, नोव्हेंबर ते मार्च. बेटावर रस्ता नाही, विमानतळ नाही, आणि आकाशातून काढलेली छायाचित्रं हाताशी नाहीत. सील मारणारी जहाजं त्यांना कुठल्यातरी उपसागरात सामानासकट उतरवून द्यायची आणि काही आठवड्यांनी परत न्यायला यायची. पुढचं सगळं पायी. स्लेजा माणसांनीच ओढायच्या.

आपल्याकडे मोजणीदार आला की गावातले चार लोक गोळा होतात, साखळी धरतात, बांधावरून भांडतात. तिथेही तत्त्व तेच. एका रेषेची लांबी नक्की मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून थिओडोलाइटनं दूरच्या शिखराचे कोन घ्यायचे. त्रिकोण पुरा झाला की शिखराची जागा कळली, आणि मग त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण. कोन घ्यायला शिखर दिसावं लागतं, अडचण तेवढीच. साउथ जॉर्जियात शिखर दिसणं ही मेहेरबानी असते. दिवसचे दिवस तंबूत पडून राहायचं, वारा तंबू उपटू पाहतो, आणि एखाद्या दुपारी ढग दोन तास फाटतात. त्या दोन तासांत वर चढून, बोटं बधिर होत असताना, इवलासा स्क्रू फिरवून आकडे वाचायचे आणि न चुकता लिहायचे. एक आकडा चुकला की पुढचे सगळे त्रिकोण तिरके. ॲलेक ट्रेंडल हा भूगर्भशास्त्रज्ञ बर्फातल्या भेगेत कोसळला आणि जबर जखमी झाला. तो नंतर पुन्हा त्याच बेटावर आला, हे विशेष.

१९५५-५६ च्या तुकडीत सर्वेक्षक होता कॅप्टन टोनी बॉमफर्ड. त्याचे वडील ब्रिगेडियर बॉमफर्ड हे आपल्या ‘सर्व्हे ऑफ इंडिया’तले नामांकित भूमापनतज्ज्ञ. हिमालयाच्या देशात त्रिकोण जुळवणाऱ्या बापाचा मुलगा दुसऱ्या बर्फात त्रिकोण जुळवत होता. या कामात असताना कार्सच्या माणसांनी शॅकल्टनच्या वाटेचे काही टप्पे पाहिले. त्यांच्याजवळ तंबू, दोर, अन्न, सगळं होतं. शॅकल्टन आणि त्याच्या सोबत्यांना हे कसं जमलं ते कळत नाही, जमवल्यावाचून गत्यंतर नव्हतं एवढंच कळतं, अशा अर्थाचं कार्सनं लिहून ठेवलं आहे. त्या तिघांनी ओलांडलेल्या एका हिमनदीला नकाशावर क्रीनचं नाव मिळालं. आयर्लंडमधल्या शेतकऱ्याच्या घरातला, खलाशी म्हणून भरती झालेला माणूस तो.

१९५८ मध्ये नकाशा छापून आला. प्रमाण दोन लाखास एक, म्हणजे जमिनीवरचे दोन किलोमीटर कागदावर एक सेंटिमीटर. सगळं बेट एका कागदावर. रेघेच्या आतला पांढरेपणा गेला आणि तिथे दोन डोंगररांगा उभ्या राहिल्या. दक्षिणेकडच्या रांगेला सॅल्व्हसन यांचं नाव आहे. ते देवमाशांच्या धंद्यातले बडे मालक, मोहिमांना त्यांची मदत झाली. ज्यांच्या कारखान्यांनी तो समुद्र देवमाशांवाचून रिकामा केला, त्यांच्यापैकी एकाचं नाव बेटाच्या कण्यावर कोरलं गेलं. कवीला हे खुपतं. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. आपल्या प्रदेशांत इंग्रजांनी नकाशे काढले तेव्हा गावांची, नद्यांची नावं कानाला लागली तशी मोडून लिहिली. एखाद्या शिखराचं लोकांच्या तोंडातलं नाव पुसलं आणि साहेबाचं डकवलं. साउथ जॉर्जियात पुसायला नावच नव्हतं. इतका निरपराध नकाशा जगात फार ठिकाणी निघाला नसेल.

आता माझा भाचा. तो व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. सुटीवर आला असताना त्यानं मला संगणकावर दोन चित्रं शेजारी शेजारी उघडून दाखवली. एका बाजूला कार्सचा १९५८ चा नकाशा, दुसऱ्या बाजूला उपग्रहाचं अलीकडचं छायाचित्र. मी म्हटलं, “अरे, कार्सनं इथे चूक केली. बर्फ दाखवलाय तिथे पाणी आहे.” तो हसला. म्हणाला, “मामू, चूक नाही. तेव्हा तिथे बर्फच होता.”

मी थोडं वाचलं, तेव्हा कळलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किनाऱ्याला येणाऱ्या १०३ हिमनद्या जुनी छायाचित्रं आणि उपग्रहचित्रं लावून तपासल्या होत्या. त्यांतल्या ९७ टक्के १९५० च्या दशकापासून मागे हटलेल्या निघाल्या. मागे सरायचा सरासरी वेग तेव्हा वर्षाला आठ मीटर होता, तो पस्तीस मीटरवर गेला होता. काल काय होतं याची नोंद असल्याशिवाय आज काय गेलं ते कळत नाही.

या हिशेबाला उंदरांचा एक पाय आहे. शिकाऱ्यांच्या जहाजांतून आलेले उंदीर बेटावर माजले होते आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करत होते. पण त्यांना हिमनदी ओलांडता येत नसे. त्यामुळे दोन हिमनद्यांमधला किनारा म्हणजे उंदरांचा जणू बंद वाडा. बर्फ आटला की वाडे एकमेकांना मिळणार, आणि मग संपूर्ण बेट त्यांचं होणार. म्हणून घाई करावी लागली. २०११ ते २०१५ या काळात किनाऱ्याचे भाग पाडून, हेलिकॉप्टरनं एकेक भाग घेत विषारी दाणा टाकला गेला. मे २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

कार्स हे पाहायला नव्हता. तो २००४ मध्ये गेला. पण नकाशा छापून झाल्यावरही त्या बेटानं त्याला सोडलं नव्हतं. १९६१ च्या फेब्रुवारीत इंग्रजी आरमाराच्या ‘ओवेन’ या सर्वेक्षण-जहाजानं त्याला दक्षिण किनाऱ्यावर, डक्लोझ हेड इथे उतरवलं. एकटाच. सोबत एका लहानशा झोपडीचं साहित्य. माणूस पूर्ण एकांतात कसा राहतो, हे त्याला स्वतःवरच तपासायचं होतं. त्या किनाऱ्याचं प्रत्येक वळण त्यानं कागदावर आणलेलं. जागा त्यानंच निवडली, झोपडी त्यानंच उभारली.

तीनेक महिने गेले. हिवाळा सुरू झाला आणि एके दिवशी समुद्राची एक प्रचंड लाट चढून आली. झोपडी गेली, बहुतेक सामान गेलं. वाचलं तेवढं गोळा करून तो त्या हिवाळ्यात एकटाच तग धरून राहिला. एकशे सोळा दिवस. ज्या सील मारणाऱ्या जहाजांतून पूर्वी तो आपल्या माणसांना आणि थिओडोलाइटच्या पेट्यांना किनाऱ्यावर उतरवून घेत असे, तसंच एक जहाज सप्टेंबरात त्या बाजूनं आलं आणि त्याला परत घेऊन गेलं.